या सिनेमात मी मरत नाही

अहो, या सिनेमात मी मरत नाही!

फोनवर अद्वैतने हे सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. अद्वैत म्हणजे आमचा दिग्दर्शक, माझ्या नातवाच्या वयाचा, बोलताना सारखा चष्मा वर सारणारा. म्हटलं, "नीट सांग रे बाबा. शेवटपर्यंत?" तर म्हणाला, "शेवटपर्यंत, आजी. शेवटचा सीनच तुमचा आहे. हिरो इतक्या वर्षांनी चाळीत परत येतो, तुम्ही काही न बोलता त्याला ताट वाढता, सिनेमा संपला." फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसत सुटले. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी माझं लक्ष नाही. या वयात एवढं हरखायला काय झालं, असं कुणी विचारेल. विचारू दे. जिने आयुष्यभर पडद्यावर मरायचंच काम केलं तिलाच ते कळेल.

कारण मरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खोकून मेले, जिन्यावरून गडगडून मेले, देवघरात हात जोडून बसल्या बसल्या मेले. मुलाची वाट बघत किती वेळा मेले ते देवालाच ठाऊक. सिनेमात मध्यंतराच्या आत, मालिकेत आठवड्याच्या शेवटी. हिरोला सूड घ्यायचा असला की आई गेलीच पाहिजे, हिरॉईनला एकटं पाडायचं असलं की आजी गेलीच पाहिजे. एकदा दादरच्या भाजी मार्केटात एका बाईने माझा हात धरला. डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, "फार वाईट झालं हो, काल तुम्ही गेलात. आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही." मी म्हटलं, "चालायचंच." भाजीवाल्याने ते ऐकलं आणि माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकली. नाव मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. कॅरेक्टर आर्टिस्टचं तोंड लोकांच्या घरातलं असतं, नाव कुणाच्याच घरातलं नसतं.

आणि कळस तर पुढेच. शूटिंग कुठे? लालबागला. कुठल्या चाळीत? आमच्या! युनिटमधल्या पोरीने पत्ता पाठवला, वर खाणाखुणा समजावायला लागली. म्हटलं, "बाई गं, त्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर माझा जन्म झालाय. तूच हरवलीस तर मला फोन कर."

अँटॉप हिलवरून टॅक्सी केली. उन्हाळा मी म्हणत होता. फ्लायओव्हरखालून टॅक्सी गल्लीला वळली आणि काच खाली करायच्या आधीच तो वास आला. भाजलेली मिरची, धणे, थोडी हळद. डंकीवर मसाला कुटला जात होता, धाड धाड धाड. टॅक्सीवाला शिंकायला लागला, मी शिंकायला लागले, आणि शिंकता शिंकता मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे शिंकांचा हंगाम. सगळ्या चाळीच्या बाया वर्षाचा मसाला करायच्या. गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, गॅलरीत जुन्या साड्यांवर खोबरं, आणि तिखटाच्या हाताने चुकून डोळा चोळला म्हणून कुठे ना कुठे एखादं पोर बोंबलत असायचंच. त्या तांबड्या भुकटीत आमची सुट्टी जायची. गावाला पाठवलं तरी माझं मन त्या गच्चीवर असायचं.

समोर आता हा एवढा टॉवर उभा आहे. चाळीच्या अंगणात त्याची सावली लवकर येते. पण जिन्याचा लाकडी कठडा तोच. हात लावला तर तोच गुळगुळीतपणा, तोच किंचित चिकटपणा. कठड्यावरून घसरत आम्ही दोघी खाली यायचो, मी आणि कुंदा. कुंदा माझी बालमैत्रीण, लग्नही चाळीतच झालं तिचं, आजही तिथेच राहते. जिन्याच्या तोंडाशी उभी होती. नवी साडी, केसात अबोली.

"इलंस गो?" म्हणाली आणि मला वरून खाली न्याहाळलं. "हेच्यात तू मरनस नाय ना नक्की? साऱ्या चाळीत सांगून इलंय मी."

"नाय गो! शेवटपर्यंत जिती!"

आम्ही दोघी म्हाताऱ्या जिन्यात एकमेकींना धरून पोरींसारख्या खिदळलो. युनिटची मुलं बघत राहिली.

आमची खोली आता दुसऱ्या कुणाची आहे, पण शूटिंगसाठी त्यांनी ती रिकामी करून दिली होती. भिंतीला चुन्याचा हात मारला होता, मांडणीवर पितळेची भांडी लावली होती. कला विभागातल्या मुलांनी जीव ओतला होता. भांडी मात्र फार चकचकीत. आमच्या आईच्या खानावळीत भांड्यांना चमकायला उसंत नव्हती. कोकणातून एकटेच आलेले गिरणीतले पुरुष आमच्याकडे जेवायचे. एक पंगत उठली की दुसरी बसायची. बाबा स्वतः गिरणीत. पाळी करून आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं. मी आणि कुंदा दोन्हीकडून फुंकर मारायचो, ते उडायचं, आणि पांढऱ्या भुवयांतून आमचा काळ्या भुवयांचा बाबा बाहेर यायचा. पांढरे केस म्हणजे म्हातारपण हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, पांढरे केस म्हणजे सुट्टी झाली.

उकड्या भाताची वाफ, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी. आई वाढताना बोलायची नाही. बोटाने ताटाकडे खूण करायची: अजून? समोरचा मान हलवायचा. पोट भरेपर्यंत त्या खोलीत फक्त ताटांचा आवाज. आणि हात धुतले रे धुतले की तीच माणसं बडबडायला लागायची, कारण जेवणं उरकली की त्याच खोलीत गणपतीच्या नाटकाची तालीम. शेणाने सारवावी तशी आई फडक्याने जमीन पुसायची, आणि ती ओली असतानाच तिच्यावर राजवाडा उभा राहायचा.

त्या वर्षी नाटकात आईचं काम करणारी बाई गिरगावातून यायची होती, तिने ऐनवेळी दुसरं नाटक घेतलं. मी दारात बसून सगळ्यांची वाक्यं पाठ म्हणायची. मंडळींनी बाबांकडे शब्द टाकला. बाबा म्हणाले, "नायिकेचा काम नको. आवशीचा काम आसात तर करांदे." लग्नाच्या वयाची पोर कुणाच्या गळ्यात पडणार नाही, म्हणजे झालं! दाढीमिशा फुटलेल्या पुरुषाची मी आई झाले. केसांत टाल्कम पावडर, अंगावर आईचंच नऊवारी. फणसवाडीतून कपडेपटाचा माणूस पेटारा घेऊन आला, त्यातून काठी दिली मला. डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या घामाचा तो वास पेटारा उघडला की असा अंगावर यायचा. मला तो अत्तराहून प्रिय.

तिसऱ्या अंकात मी मरायची. काय मेले म्हणून सांगू! अंगणात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून आमची आई उठली, तांब्या घेऊन थेट स्टेजवर. "अगो, पाणी पी गो आधी! सकाळपासून पोटात काय नाय तुझ्या!" तांब्या तोंडाला लावला. मी मेलेली, तरी घटाघटा प्यायले, करणार काय? माझा नाटकातला मुलगा, चांगला दणकट गडी, एकीकडे रडतोय, एकीकडे त्याला हसू आवरत नाही. पडदा ओढणाऱ्याने कपाळाला हात लावला. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या मरणालाच. पुढच्या वर्षीपासून माझ्या शेवटच्या अंकाला कुंदा आईला घट्ट धरून बसायची.

झालं, आई म्हणून शिक्का बसला तो बसलाच. कामगारांची नाटकं, मग धंद्याची नाटकं, मग परळच्या स्टुडिओत सिनेमा, मग टीव्ही. युनिटची मुलं मला कशी हाक मारत गेली तेवढंच आठवलं तरी सगळी वर्षं दिसतात. आधी ताई, मग काकू, मग मावशी, आता आजी. हिरॉईनपेक्षा वयाने लहान होते तेव्हा मी तिची आई होते. आता ती हिरॉईन आजी झाली आणि तरी मी तिची आईच. माझ्या ट्रंकेत सगळी लुगडी फिकी, विटकी, करडी, कारण आमच्यासारख्यांनी कपडे आपले आपण आणायचे. घरात मात्र मी भडक जांभळं नेसायची. हौस हो, दुसरं काय.

या सगळ्याला साक्षीदार एकच, डॉमनिक. माझगावचा, माझा मेकअप करणारा. त्यानेच माझ्या कोवळ्या कपाळावर पहिल्या सुरकुत्या काढल्या होत्या. आता त्याचेही हात थरथरतात, पण माझ्या तोंडाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी आरशासमोर बसवून म्हणाला, "देख, मी जिथे लाईन मारायचो ना, बरोबर तिथेच आली. मेरा काम भगवानने कॉपी केला." दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास त्याच्या पेटीतून अजून येतो. मी डोळे मिटून तो घेत बसले होते. तेवढ्यात अद्वैत आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"आजी, एक विचार चाललाय."

दिग्दर्शक असं म्हणाला की समजायचं, विचार झालाय.

"तो चाळीत येतो," अद्वैत म्हणाला, "आणि त्याला उशीर झालेला असतो. तुम्ही नसता. म्हणजे मग त्याला जे लागायला हवं ते लागेल. प्रोड्युसरनाही असंच वाटतंय."

"म्हणजे मी मरते."

"शांतपणे, आजी. गॅलरीत, चटईवर. आजूबाजूला चाळीतल्या बायका."

डॉमनिकचा ब्रश माझ्या गालावरच थांबला. मी विचारलं, "आणि ताट?"

"ताट मग... नाही."

माझं टाळकंच सरकलं. "अद्वैत, तुझ्या हिरोला अक्कल यायला माझं मढंच कशाला लागतं रे? जिवंत म्हातारी समोर बसलीये, तिच्याकडे बघून माणसाला काही होत नाही? सगळ्यांनी मारलं मला. तू तरी नको मारू. मला एकदा शेवटपर्यंत राहायचंय. एकदा! हे काय जास्त मागतेय का मी?"

सगळं एका दमात बोलून गेले. इतक्या वर्षांत सेटवर कधी आवाज चढवला नव्हता मी. अद्वैतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हळूच म्हणाला, "माझी आजी गेली तेव्हा मी पोचलो नव्हतो. तिच्यावरूनच हे सगळं लिहिलंय. पहिल्यांदा लिहिताना ती जिवंत ठेवली, पण ते खोटं वाटायला लागलं मला."

राग कुठच्या कुठे गेला, आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. म्हटलं, "दोन्ही घेऊन ठेव ना. मग बघ." तर म्हणाला, ऊन उतरायच्या आत एकाच सीनची मांडामांड होईल, आणि चाळीची परवानगी आजचीच आहे.

"घे मग," मी म्हटलं. डॉमनिकला म्हटलं, "कर पांढरी." त्याने पावडर उचलली, पण तोंडाने पुटपुटत होता, "छ्या, छ्या, ये बराबर नही." मला रडू येत होतं. मेकअप खराब होईल म्हणून मी वर पंख्याकडे बघत राहिले.

गॅलरीत चटई टाकली. बायका भोवती बसवल्या, सगळ्या चाळीतल्याच. उशाशी कुंदा. तिला कळलं तेव्हा तिने अद्वैतला तोंडावर विचारलं, "हिका कित्याक मारतास रे मेल्या? काय केल्यान हिने तुझा?" तो बिचारा गोरामोरा झाला. मीच म्हटलं, "गप गो. काम आसा ता."

पाठ टेकली. मरताना श्वास पोटात घ्यायचा नसतो, पाठीत घ्यायचा असतो. मग वरून काही हलत नाही. डोळे मिटले आणि चाळ ऐकू यायला लागली. कबुतरं. खालच्या मजल्यावरचा नळ. कुणाच्या तरी घरात फोडणी पडली, लसणीची. लांबून डंकी, धाड धाड. माझ्या पाठीखाली तीच लाकडं होती, ज्यांच्यावर मी रांगले. उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं या गॅलरीत ओळीने झोपायचो, बाबा पाळीवरून येताना आम्हाला ओलांडत ओलांडत यायचे, आणि कुणाला पाय लागला की त्या झोपलेल्या पोराला नमस्कार करायचे. किती वर्षांनी आठवलं ते मला. म्हटलं, इथेच मरायचं असेल तर बरंच आहे की. आणि लगेच मनातून कुणीतरी ओरडलं, नाही, बरं नाही, मुळीच बरं नाही!

"ॲक्शन."

बायका रडायला लागल्या. आधी खोटं. मग कुंदाचा आवाज आला, आणि तो खोटा नव्हता. तिचं पाणी माझ्या कपाळावर पडत होतं, गरम. जिन्यात पावलं वाजली, हिरो वर आला, थबकला. त्याची बॅग जमिनीवर पडली. मी पाठीत श्वास धरून होते.

"कट."

कुंदाचं रडं काही थांबेना. मी उठणार, तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, "आजी, हसायचा घेतो." ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मरणाचा शॉट झाला की त्या माणसाला तसंच सोडायचं नाही. कॅमेरा परत सुरू करायचा, मेलेल्याने डोळे उघडायचे, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. अपशकुन पुसायचा. ती फिल्म पुढे कुणी बघत नाही, ती कुठेच लागत नाही. अशी मी शेकड्याने हसले असेन, आणि सगळं हसणं कचऱ्यात गेलं.

कॅमेरा सुरू झाला. मी डोळे उघडले. कॅमेऱ्याकडे बघायचं होतं, पण समोर कुंदाचं तोंड होतं, लालबुंद, नाक गळतंय, अबोली कानावर आलेली. हसू कसलं येतंय! माझा जीव असा कळवळला. मी ताडकन उठून बसले आणि तिच्यावरच ओरडले, "रडतंस कित्याक गो, बाये? मी हयच आसंय! जिती आसंय मी! मेल्यांनो, एवढ्या जणी बसलाय, तो पोरगा उन्हातून इलो, कोणी पाणी तरी दिलास काय त्याका?"

कुंदाने माझ्या दंडावर चापट मारली. "मसणात जा!" म्हणाली, आणि मिठी मारून हसायला लागली, रडत रडत. मग सगळ्याच बायका. कुणीतरी खरंच पाण्याचा तांब्या आणून हिरोच्या हातात दिला. तो पोरगा तांब्या धरून तसाच उभा, मग मटकन खाली बसला माझ्यासमोर. मी त्याच्या शर्टाने त्याचं तोंड पुसलं. "हात धुऊन ये," म्हटलं. "भूक लागली असेल."

कट कुणी म्हणेचना. मी वळून बघितलं. अद्वैत मॉनिटरसमोर उभा होता. चष्मा हातात, डोळे तसेच उघडे, आणि गाल ओले. मग तो आला आणि चटईच्या कडेला बसला.

"आजी, परत एकदा जमेल?"

"जमेल की," म्हटलं आणि पुन्हा आडवी व्हायला लागले. माणसाला सवय असते हो. पदर नीट केला, डोळे मिटले.

"नाही, नाही. मेलेल्याचा शॉट नको आहे मला." त्याने माझा हात धरला. "ती मेलेलीच नसते, आजी. डोळा लागलेला असतो तिचा, आणि ह्या बायकांनी गलका केलेला असतो. तुम्ही आत्ता उठलात ना, ते उठणं हवंय मला. शेवट तोच आहे."

डॉमनिकने मागून छातीवर क्रूस केला. इतक्या वर्षांत माझ्याकडून जगण्याचा रीटेक कुणी मागितला नव्हता.

कुंदाने नाक पुसलं. "म्हणजे माका परत रडूक लागतला?"

"रड गो बाये," मी म्हटलं आणि चटईवर पाठ टेकली. "पोटभर रड. मी उठतंय."